शेवटची चार बोटं

पत्र बरंच मोठं होतं, त्यातला महत्त्वाचा भाग इथे देतेय:

"ताई, वय ४३, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. दरवर्षी एकदा तरी मी ठरवते की आता शरीर मजबूत करायचंच. यावेळी ३० दिवस रोज १०८ सूर्यनमस्कार असं चॅलेंज घेतलं. पहिले दहा दिवस इतकं भारी वाटलं की काय सांगू. एकोणिसाव्या दिवशी उजवा खांदा पुढून असा धरला की केस विंचरायला हात वर जाईना. सगळं बंद. गेल्या वर्षी जिम लावली होती तेव्हा गुडघे दुखले, सहा आठवड्यांत सोडली. जिमवाले म्हणायचे योगाने लवचिकपणा येतो, ताकद येत नाही. योगाच्या बाई म्हणतात वजनं उचलून शरीराचा दगड होतो. मग खरं कोण? आणि सगळीकडे वाचते की लक्ष देऊन करा, जागरूकपणे करा, पण लक्ष नेमकं कशावर द्यायचं? माझ्या डोक्यात तर उद्याच्या कामांची यादी चालू असते. खांदा आता बराच बरा आहे, दोन महिने झाले. पण सामानाची पिशवी घेऊन तीन मजले चढले की हात थरथरतात आणि भीती वाटते की साठीत माझं काय होणार. मी आळशी आहे का? ता. क. मॅट जाड घेऊ की पातळ? आणि मला प्लीज तू म्हणा."

अगं, आधी आळशीपणाचं बोलू, कारण ते डोक्यात बसलं ना की पुढचं काहीच आत जात नाही. आळशी माणूस १९ दिवस रोज १०८ सूर्यनमस्कार घालत नाही. तुझं पत्र वाचल्यावर मी कागदावर गुणाकार केला, १९ गुणिले १०८, उत्तर आलं २०५२. म्हणजे दोन हजारांच्या वर वेळा तू शरीर हातांवर तोलून खाली नेलंस. आपण जोर काढतो तेव्हा हात सरळ असतानाच शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग हातांवर असतो आणि खाली जाताना तो अजून वाढतो. वर्षभर कीबोर्डपेक्षा जड काही न ढकललेल्या खांद्यावर तू तीन आठवड्यांत एवढं टाकलंस. खांद्याने १९ दिवस साथ दिली हेच खूप झालं, मी तर म्हणेन त्याचे आभार मान.

आणि ते पहिले दहा दिवस भारी वाटले ना, त्यातच सगळी गंमत आणि सगळा धोका आहे. नवीन व्यायाम सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतेक मेंदूची आणि नसांची असते. स्नायू तेवढेच असतात, फक्त मेंदू त्यातले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो, हालचाल सफाईदार होते, आणि आपल्याला वाटतं वा, मी तर स्ट्राँग झाले. खरा स्नायू भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आणि स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारा जो टेंडन असतो तो तर सगळ्यात सावकाश तयार होतो, त्याला रक्तपुरवठा कमी, त्याचं काम महिन्यांच्या हिशेबाने चालतं. म्हणजे दहाव्या दिवशी तुझा मेंदू म्हणत होता अजून कर, स्नायू म्हणत होता चालेल, आणि टेंडन अजून पहिल्याच दिवसावर होता. त्याचं म्हणणं तुला एकोणिसाव्या दिवशी ऐकू आलं, कारण टेंडन उशिराच बोलतो.

पुढे जायच्या आधी खांद्याची एक गोष्ट आत्ताच तपासून घे. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून ९० अंशात वाकव, तळवे समोरासमोर, आणि दार उघडावं तसे दोन्ही हात बाहेर उघड. उजवा डाव्यापेक्षा खूपच कमी उघडत असेल, किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर हे बाकीचं बाजूला ठेव आणि आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखव. चाळिशी ते साठीत फ्रोझन शोल्डर होतो, बायकांना जास्त होतो, आणि त्याला असं घरच्या घरी ताणत बसणं बरोबर नाही. दोन्ही हात सारखे उघडत असतील तर पुढे वाच.

आता उठ. खरंच उठ, पत्र नंतर वाच. एक साधी खुर्ची घे, चाकांची नको, आणि ती भिंतीला टेकवून ठेव. तिच्यासमोर पाठ करून उभी राहा, दोन पायांत खुब्यांइतकं अंतर, हात छातीवर. मनात एक ते पाच मोजत सावकाश बस. पाच म्हणशील तेव्हा सीटला अंग लागलं पाहिजे, त्याआधी नाही. काय होतं बघ. बहुतेकांचं एक-दोन-तीन छान जातं, चारला मांड्या थरथरायला लागतात, आणि सीट चार बोटांवर राहिली की माणूस स्वतःला सोडून देतो, धप्प. मी इतकी वर्षं शिकवतेय, पहिल्या दिवशी ती शेवटची चार बोटं सांभाळून बसलेली माणसं अगदी थोडी बघितलीत, त्यात रोज पळणारे होते, वर्षानुवर्षं आसनं करणारेही होते. मी प्रत्येकाला विचारते, तुम्ही बसलात की पडलात? आणि गंमत म्हणजे स्वतःला कुणालाच कळलेलं नसतं, रोज वीस-पंचवीस वेळा आपण खुर्चीत पडतो आणि त्याला बसणं म्हणतो.

ती चार बोटं म्हणजे तुझ्या सगळ्या पत्राचं उत्तर आहे असं मला वाटतं, म्हणून जरा तिथेच थांबते.

उठताना स्नायू आखडतो आणि भार उचलतो. बसताना तोच स्नायू लांब होत होत भार धरून ठेवतो, म्हणजे ब्रेक लावत उतरतो. उचलण्यापेक्षा असं धरून उतरवण्यात स्नायू जास्त भार पेलू शकतो, आणि ताकद कमवायला हा भाग फार मोलाचा आहे, पण आपण सगळे तोच फुकट घालवतो, कारण खाली तर पृथ्वीच नेते ना, आपण कशाला कष्ट घ्या. सूर्यनमस्कारात काय होतं? वर उचलताना दात-ओठ खाऊन जोर, आणि खाली जाताना धप्प. तू दोन हजार वेळा खाली गेलीस पण माझी खात्री आहे की पन्नासाव्या नमस्कारानंतर तू जात नव्हतीस, पडत होतीस, आणि पडताना जो झटका बसतो तो स्नायू घेत नाही, सांधा घेतो. जिममध्ये गुडघ्यांचंही तेच झालं असणार. वजन खांद्यावर, झटकन खाली, तळाशी उसळी आणि वर. तुला जिना चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त बोलतात का? बोलत असतील तर ब्रेक कमजोर आहेत, तोच प्रकार.

तर लक्ष कशावर द्यायचं हा जो तू प्रश्न विचारलास त्याचं माझं उत्तर अगदी साधं आहे. उतरण्यावर. मन शांत करा, विचारांकडे साक्षी भावाने बघा वगैरे सगळं चांगलंच आहे, मी स्वतः रोज ध्यानाला बसते, पण ताकदीसाठी हालचाल करताना मनाला असं मोकळं काम देऊन चालत नाही, त्याला हातात काहीतरी धरायला लागतं. मी तीन गोष्टी देते. वजन कुठे आहे, श्वास चालू आहे का, आणि मी उतरतेय की पडतेय. बस. उद्याची यादी येईल, येऊ दे, तिला हाकलू नकोस, फक्त पुढच्या वेळी खाली जाताना परत मोजायला लाग. तुला सांगते, पाच आकडे खरोखर सावकाश मोजत खुर्चीत बसताना उद्याच्या मीटिंगचा विचार करणं फार अवघड असतं.

वजन कुठे आहे म्हणजे काय ते हाताच्या उदाहरणाने सांगते, कारण तुझं दुखणं हाताच्या मार्गानेच वर गेलंय. कधीतरी अधोमुख श्वानासनात, म्हणजे हात-पाय जमिनीवर आणि कंबर वर अशा डोंगरासारख्या स्थितीत, थांबून स्वतःचा हात बघ. दमलीस की सगळ्यात आधी अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी जो उंचवटा आहे ना तो मॅटवरून सुटतो. कागद सरकेल एवढाच सुटतो, पण तेवढ्याने सगळं वजन करंगळीच्या बाजूला आणि मनगटाच्या टाचेवर जातं, मग कोपर बाहेर फिरतं, मग खांदा पुढे कलंडतो, आणि जिथे तुझं दुखत होतं तिथे, खांद्याच्या पुढच्या बाजूला, सगळा ताण येऊन बसतो. एवढ्याशा बोटाच्या मुळापासून एवढी मोठी साखळी. तो उंचवटा परत दाबून बघ, कोपर आपोआप जागेवर येतं. आणि दाबूनही राहत नसेल तर तो सेट संपला, मग मोजणी सातवर असो की सत्तरवर. टाचा जमिनीला लागतात की नाही याकडे लोक उगाच इतकं लक्ष देतात, नाही लागल्या तरी काही बिघडत नाही, गुडघे थोडे वाकव आणि हात सांभाळ.

श्वासाचं थोडक्यात. जोर लागतो तेव्हा श्वास सोड, आणि कधीही कोंडून धरू नकोस. श्वास कोंडला की ब्लड प्रेशर झटकन चढतं, तुला प्रेशरचा त्रास असेल तर हे विशेष सांभाळ, आणि मग डोकं खाली पाय वर अशी आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच, काचबिंदू असेल तरीही नकोत. श्वासाचा अजून एक उपयोग आहे, तो खोटं बोलत नाही. मोजताना बोलता येतंय, श्वास नाकाने चालू आहे, म्हणजे भार झेपतोय. श्वास अडखळला, जबडा आवळला, की शरीराच्या मानाने ते जास्त झालं.

आता जिमवाले खरे की योगाच्या बाई. दोघंही त्यांच्या त्यांच्या अर्ध्या भागापुरते खरे आहेत, आणि दुसऱ्याच्या अर्ध्या भागाबद्दल चुकतायत. स्नायूला हे कळतच नाही की त्याच्यावर लोखंड आहे की स्वतःचं धड आहे. त्याला फक्त भार कळतो, आणि भार हळूहळू वाढत गेला तर तो वाढतो, नाही वाढला तर जिथे आहे तिथे राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्यात थॉमस डीलॉर्म नावाचे एक डॉक्टर होते, गुडघा वगैरे दुखावलेले सैनिक त्यांच्याकडे असायचे. तेव्हाची पद्धत म्हणजे हलका व्यायाम भरपूर वेळा करायचा. यांनी उलट केलं, भार मोजला, आवर्तनं कमी ठेवली, आणि जसजसं झेपेल तसतसा भार वाढवत नेला, आणि माणसं लवकर उभी राहिली. आज फिजिओथेरपीत आणि जिममध्ये जे काही चालतं त्याच्या मुळाशी ही कल्पना आहे. वजनं उचलून शरीराचा दगड होतो हेही खरं नाही, पूर्ण पल्ल्यात, सावकाश उचलली तर लवचिकपणा टिकतो, उलट वाढतोही.

मग योगात भार कसा वाढवायचा? तिथे लोखंड नाही पण वाढवायचे मार्ग आहेत. आधी वेग कमी कर, मग मध्ये थांब, मग आवर्तनं वाढव, मग हात-पाय लांब करून किंवा एका पायावर येऊन भार वाढव. आठवड्याला यातली एकच गोष्ट बदलायची. १२ नमस्कारांचे १०८ करणं हा पण भार वाढवण्याचाच प्रकार आहे, पण सगळ्यात वाईट, कारण त्यात शेवटचे पन्नास-साठ तू दमलेल्या अवस्थेत, वाईट पद्धतीने करतेस आणि मेंदू तीच वाईट पद्धत पाठ करतो.

आणि जिमवाल्यांचं एक म्हणणं योगवाल्यांनी मान खाली घालून ऐकलं पाहिजे, मी सुद्धा ते उशिराच ऐकलं. आसनांमध्ये ढकलणं भरपूर आहे, पण ओढणं जवळपास नाहीच. जमीन ढकलता येते, ओढता येत नाही. वर्षानुवर्षं फक्त आसनं करणाऱ्याची छाती आणि खांद्याची पुढची बाजू तयार होते आणि पाठीचा वरचा भाग, खांद्यामागचं ते त्रिकोणी हाड धरून ठेवणारे स्नायू, मागे राहतात. तू तर त्यावर दिवसाला आठ-नऊ तास पुढे झुकून बसतेस. मग पिशवी उचलताना हात थरथरणारच, कारण पिशवी उचलणं म्हणजे ओढणं आणि पकडणं, आणि त्याची प्रॅक्टिस तू कधी केलीच नाहीस. तेव्हा ज्या पिशवीने तुला घाबरवलंय तिलाच कामाला लाव, कसं ते खाली सांगते.

दुसरी त्रुटी मांडीच्या मागच्या बाजूची, हॅमस्ट्रिंगची. योगात ती ताणतो खूप, तिला ताकद फार कमी देतो. हे मी माझ्या अंगावर घेऊन शिकले. पस्तिशीत असताना एका शिबिरात मी पश्चिमोत्तानासनात बसले होते, डोकं गुडघ्याला लागायला थोडंसंच राहिलं होतं, आणि शिकवणाऱ्यांनी मागून पाठीवर दाब दिला. मला आतून कळत होतं की नको, बसायच्या हाडाशी काहीतरी चमकलं, आणि मी बोलले नाही. लाजले. पुढे साधारण वर्षभर मला कुठल्याही कडक बाकावर बसता येत नव्हतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिले चार महिने मी ते अजून ताणून बरं करायला बघत होते. टेंडन हाडाशी जिथे जोडला जातो तिथे दुखत असेल तर ताणल्याने ते चिडतं, त्याला सावकाश, मोजून भार द्यावा लागतो. सेतुबंधासन, म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची आणि ब्रेक लावत उतरायचं, आठवड्यातून तीन दिवस, याच्यावर मी बरी झाले. म्हणून कुणीही, कितीही मोठं नाव असलेलं, तुझ्या शरीराला बाहेरून दाबून आसनात बसवत असेल तर नको म्हण, स्पष्ट म्हण.

आता काय करायचं ते सांगते. आठवड्यातून तीन दिवस, दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा, प्रत्येक वेळी २५ मिनिटं. कमी वाटतंय ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांसाठी ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितलाय, आणि त्याशिवाय चालण्यासारखी मध्यम हालचाल १५० ते ३०० मिनिटं. तेव्हा तीन दिवस भरपूर झाले, बाकीचे दिवस चाल.

सुरुवात खुर्चीने, पाच मोजत खाली, एक क्षण टेकायचं, अंग सोडायचं नाही, आणि श्वास सोडत वर. आठ वेळा, मग दोन मिनिटं थांबून अजून आठ. ती चार बोटं सांभाळता आली नाहीत तर खुर्चीवर दोन-तीन घट्ट उशा ठेव, उंची वाढव, आणि दर आठवड्याला एक काढ. मग भिंतीवरचे जोर. जमिनीवर नाही, भिंतीवर. हात खांद्यांच्या थोडे खाली, कोपरं अंगाच्या जवळ तिरकी, पाच मोजत छाती भिंतीकडे, आणि त्या बोटाच्या मुळाकडे लक्ष. दोन आठवडे काहीच दुखलं नाही तर भिंतीवरून घट्ट टेबलाच्या काठावर ये, मग खुर्चीच्या सीटवर, मग जमिनीवर गुडघे टेकवून. जमिनीपर्यंत यायला तुला तीन महिने लागतील, लागू देत, टेंडनलाही तेवढेच लागणार आहेत. पुढे सूर्यनमस्कार परत सुरू करशील तेव्हा गुडघे आधी टेकव आणि मग छाती खाली ने, आणि खाली जाताना खांदा कोपराच्या पातळीखाली जाऊ देऊ नकोस. सहा नमस्कार असे घातलेस तरी पुरे.

तिसरं सेतुबंधासन, वर जायला दोन आकडे, वर पाच श्वास थांबायचं, आणि खाली येताना मणक्याचा एक एक मणी मॅटवर ठेवल्यासारखं. चौथी पिशवी. डावा हात आणि डावा गुडघा खुर्चीवर, पाठ सपाट, उजव्या हातात पिशवी लोंबकळती, कोपर मागे नेत ती कमरेकडे ओढ, आणि चार मोजत खाली सोड. सुरुवातीला एवढंच वजन घाल की दहा वेळा ओढल्यावरही अजून दोन-तीन सहज झाले असते असं वाटेल. आणि हीच गोष्ट सगळ्याच व्यायामांना लाव, अजून दोन-तीन झाले असते तिथे थांबायचं. पूर्ण गळून जाईपर्यंत करण्याची गरज नाही, जवळपास तेवढाच फायदा होतो आणि परवा परत करायची इच्छा शिल्लक राहते, जी तुझ्याकडे दरवेळी काही आठवड्यांतच संपते. शेवटी वृक्षासन, म्हणजे एका पायावर उभं राहायचं, भिंतीजवळ, एक बोट भिंतीला लावून चालेल, आणि पाच मिनिटं शवासन. शवासन गाळू नकोस, मी मागे लागून सांगते सगळ्यांना.

आधार घेण्याबद्दल एक सांगते, कारण मला माहितीये तुला खुर्ची आणि भिंत बघून हे आजारी माणसांचं वाटेल. बी. के. एस. अय्यंगारांचा जन्म १९१८ चा, लहानपणी ते इतके आजारी असायचे, मलेरिया, टायफॉइड, क्षय, की योगाकडे ते आले तेच अशक्त शरीर घेऊन, आणि पुढे खुर्च्या, दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन आसनं करायची पद्धत त्यांनीच जगभर नेली. भारावर आपला ताबा राहतो तो आधारामुळेच.

पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादात चौदावं सूत्र आहे, स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः. अभ्यास पक्का कधी होतो, तर बराच काळ, खंड न पाडता आणि आदराने केला तर. मी हे सूत्र कितीतरी वर्षं म्हणत होते आणि मग एकदा लक्षात आलं की यात बराच काळ आहे, खंड नाही आहे, आदर आहे, पण जास्त हा शब्द कुठेच नाही. तुझ्या चॅलेंजमध्ये फक्त जास्त होतं. आणि खंड न पाडता याचा अर्थ रोज मर मर मरायचं असा मी घेत नाही, एखादा आठवडा फक्त खुर्चीचे आठ झाले तरी दोरा तुटत नाही.

दुखण्याबद्दल. उतरण्यावर काम करतेस म्हटल्यावर पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त, मग आपोआप कमी. स्नायूच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना, बोथट दुखणं असेल तर घाबरायचं नाही. सांध्यात, एका बाजूला, टोचल्यासारखं, रात्री जाग आणणारं, किंवा बधिरपणा, मुंग्या असलं काही असेल तर थांबायचं आणि दाखवायचं. मधलं काही असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी बघ, कालच्यापेक्षा वाढलं नसेल तर भार बरोबर होता, वाढलं असेल तर पुढच्या वेळी निम्मा कर. हा सकाळचा हिशेब टेंडनसाठी फार उपयोगी आहे, तो उशिरा बोलतो म्हणाले ना.

झोप आणि पुरेसं प्रोटीन यांचं तुला माहीतच आहे, त्यावर नाही बोलत. पण वयाचं बोलते. तू साठीला घाबरतेयस, आणि तुझी भीती अगदी उगाच नाही, तिशीनंतर स्नायू थोडे थोडे कमी होत जातात, पाळी थांबायच्या आसपास इस्ट्रोजेन उतरतं तसं हाडांचंही नुकसान वेगाने होतं. पण स्नायू आणि हाड दोन्ही कुठल्याही वयात भाराला उत्तर देतात, सत्तरीतले लोकही महिन्या-दोन महिन्यांत उठाबशा वाढवतात, मी डोळ्यांनी बघितलंय. ब्राझीलच्या क्लॉडिओ जिल अराउजो या डॉक्टरांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना त्यांनी जमिनीवर बसून परत उठायला सांगितलं, आणि हात-गुडघ्याचा आधार जितका लागला तितके गुण कापले, एकूण दहापैकी. ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. तीन महिन्यांनी तू जमिनीवर बसून उठून बघ, शेजारी खुर्ची ठेवून, किती आधार लागला ते लिहून ठेव, आणि सहा महिन्यांनी परत. साठीची काळजी करायला एवढा एक आकडा पुरे आहे.

मला पत्र मात्र सहा आठवड्यांनी पाठव. खांद्याचं दारासारखं उघडणं दोन्हीकडे सारखं आहे का, आणि शेवटची चार बोटं आता किती उरलीत, चार, दोन, की एक, एवढंच लिहिलंस तरी चालेल, त्यावरून पुढचं सांगते.

आणि मॅट पातळ घे. जाड मॅटवर पाय बुडतात, एका पायावर उभं राहताना घोटा डुगडुगतो आणि तळव्याला जमीन नीट कळत नाही. गुडघ्याला टोचलं तर तेवढ्यापुरती चादर घडी करून खाली घाल. मनगट दुखत असेल तर मॅटची कड दोन-तीन वेळा गुंडाळ, तळव्याची टाच त्या वळकटीवर आणि बोटं खाली जमिनीवर, म्हणजे मनगट कमी वाकतं.